नांगर दर हंगामात हवाच का?

प्रश्न : ‘फार्मिंग सिम्युलेटर २२’ या शेतीच्या व्हिडिओ गेममध्ये मी प्रत्येक कापणीनंतर शेत नांगरतो, त्यावर कल्टिव्हेटर (माती भुसभुशीत करणारे अवजार) फिरवतो आणि मगच पेरणी करतो. मोठ्या शेतात यातच सारा वेळ जातो आणि उत्पन्न मात्र मनासारखे येत नाही. मशागतीचा क्रम कोठे चुकतो आहे?

उत्तर : क्रम ठीक आहे, नांगर मात्र गरजेपेक्षा जास्त वेळा चालतो आहे. या खेळात जमिनीला नांगरट प्रत्येक कापणीनंतर लागत नाही. मका, बटाटा किंवा बीट काढले असेल, तर मात्र लगेच लागते. मेनूतील नकाशावर मातीची स्थिती दिसते, तेथे शेताला नांगरटीची गरज दाखवलेली नसेल, तर नांगर बिनधास्त शेडमध्ये ठेवावा. उगीच नांगरल्याने दगडही वर येतात आणि ते वेचण्याचे काम मागे लागते.

आपल्या पत्रात खताचा उल्लेखच नाही, आणि खरे दुखणे बहुधा तेथेच आहे. उत्पन्नात होणाऱ्या वाढीत नांगरटीचा वाटा १५ टक्के, चुन्याचा १५, तणनियंत्रणाचा २०, तर दोन वेळच्या खताचा तब्बल ४५ टक्के आहे. पहिले खत पेरणीपूर्वी आणि दुसरे पीक उगवून थोडे वाढल्यावर द्यावे. एकाच अवस्थेत लागोपाठ दोन फेऱ्या मारल्या, तर दुसरी फेरी वाया जाते. चुना तीन कापण्यांनंतरच लागतो आणि तो पेरणीपूर्वी, कापलेल्या धसकटांवरच टाकून घेणे सोयीचे पडते.

ज्या हंगामात नांगरट नको, त्या हंगामात थेट पेरणी करणारे यंत्र वापरल्यास कल्टिव्हेटरची फेरीही वाचते, कारण ते धसकटांतच बी पेरते. धसकटे बारीक करणे आणि पेरणीनंतर रूळ फिरवणे यांतून प्रत्येकी अडीच टक्केच मिळतात. वेळ कमी असेल, तर मी धसकटे बारीक करण्याचे काम खुशाल सोडून देतो.

नांगरायची वेळ येईल तेव्हा मात्र एक खबरदारी घ्यावी. नांगराला नवे शेत तयार करण्याची मुभा दिलेली असेल, तर वळण घेताना फाळ बांधाबाहेरचे गवतही उलथतो आणि शेताची कड वेडीवाकडी होते. म्हणून काम शेताच्या हद्दीपुरते मर्यादित ठेवणारा पर्याय आधी निवडावा.