दुधाच्या हिशेबातले खाडे

इंदूर

प्रिय बाळा,

प्रभूमध्ये सलाम.

रविवारी व्हाइट चर्चच्या आवारात तू लग्नपत्रिका हातात ठेवलीस आणि विचारलंस, "बाई, ख्रिस्ती घर उभं करायचं म्हणजे नेमकं काय करायचं?" तेवढ्यात पाळकसाहेबांनी तुला हाक मारली आणि उत्तर राहून गेलं. संडे स्कूलमध्येही वचन पाठ करता करता तू असाच मध्येच हात वर करायचास. ते उत्तर आता लिहिते.

भिंतीवर वचनाची फ्रेम लावणं, जेवणाआधी प्रार्थना करणं, नाताळात दारात तारा टांगणं हे तू करशीलच. मला सांगायचंय ते आमच्या लग्नाच्या पहिल्या वर्षातलं. तेव्हा आम्ही नंदलालपुऱ्याजवळ दोन खोल्यांत राहायचो. हे मिलमध्ये होते. दारामागे कॅलेंडर होतं आणि त्यावर रोजच्या तारखेखाली दुधाचा आकडा लिहायचा: अर्धा लिटर, पाहुणे आले तर एक. दूधवाला आला नाही की फुली.

माझ्या मनात तेव्हा बरंच काही साठत होतं. माझ्या माहेरून पत्र आलं तरी ह्यांनी काय लिहिलंय म्हणून कधी विचारायचं नाही. धाकट्या दिराच्या फीला पैसे दिले, ते मला शेजारणीकडून कळलं. तोंडाने बोलायची मला सवय नव्हती. असं काही झालं की मी त्या तारखेच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने बारीकशी फुली करायला लागले.

त्या महिन्याचा हिशेब ह्यांनी केला. फुल्या मोजल्या, अकरा भरल्या. अकरा दिवसांचे खाडे धरून दुधाचे पैसे कापले. दूधवाला हात जोडून म्हणाला, "बाबूजी, एक भी नागा नहीं हुआ." ह्यांना ते खोटं वाटलं, आवाज चढला. तो बिचारा कमी पैसे घेऊन निघून गेला. मी आत पोळ्या लाटत सगळं ऐकत होते. लाटणं थांबलं नाही माझं, आणि तोंडही उघडलं नाही.

रात्री आम्ही प्रभूची प्रार्थना म्हणायला बसलो. "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे" इथवर आलो आणि मला पुढे म्हणता येईना. मी रडत सगळं सांगितलं. हे बराच वेळ बोलले नाहीत. मग उठून कॅलेंडर काढून आणलं, मांडीवर ठेवलं आणि एकेका फुलीवर बोट ठेवून विचारत गेले, "ही कशाची?" काही गोष्टी तर ह्यांच्या गावीही नव्हत्या. दोन फुल्या कशाच्या, ते माझं मलाच आठवेना. फीच्या फुलीवर आले तेव्हा म्हणाले, "हे मी तुला आधी सांगायला हवं होतं. माझं चुकलं." दुसऱ्या दिवशी पहाटे हे दाराशी उभे राहिले, दूधवाल्याच्या हातात उरलेले पैसे ठेवले आणि त्याची माफी मागितली. मीही मागितली.

बाळा, पौलाने करिंथकरांस लिहिलं, प्रीती अपकार स्मरत नाही. मूळ ग्रीकमध्ये तिथे जो शब्द आहे तो हिशेबाचा आहे, खात्यावर मांडून ठेवणं अशा अर्थाचा. मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या प्रार्थनेतही मूळ शब्द देण्याचा, म्हणजे कर्जाचाच आहे, आणि आपल्या मराठी पवित्र शास्त्राने तो सरळ 'ऋण' असा ठेवला, हे मला फार मोलाचं वाटतं. घरात प्रत्येकाजवळ अशी एक वही असते. ती मनात लिहिली जाते म्हणून कुणाला दिसत नाही, आणि तिची वसुली भलत्याच माणसाकडून होते. आमच्याकडे दूधवाल्याकडून झाली. पुष्कळ घरांत ती लेकरांकडून होते.

वही फाडायची म्हणजे गप्प बसायचं असं मात्र नाही. मी गप्प होते म्हणून तर फुल्या वाढल्या. सूर्य मावळायच्या आत राग सोडा असं इफिसच्या पत्रात आहे, त्यासाठी आधी बोलावं लागतं. आणि हेही स्पष्ट लिहिते: हात उगारणं हे "क्षमा कर" म्हणून झाकायचं पाप नाही. तसं कुठे घडत असेल तर त्या बाईने घरच्यांना, पाळकांना, गरज पडली तर पोलिसांना सांगावं.

त्याच पत्रातलं "स्त्रियांनो, पतीच्या अधीन असा" हे वचन पुरुषांना बरोबर पाठ असतं. तू पाचव्या अध्यायात त्याच्या आधीची ओळ पाठ कर, एकमेकांच्या अधीन असा. आणि पंचविसावी ओळ तर तुझ्यासाठीच आहे: ख्रिस्ताने मंडळीसाठी स्वतःला देऊन टाकलं, तशी पत्नीवर प्रीती करा.

घरची प्रार्थना छोटी ठेव. एक स्तोत्र, दोन-चार वाक्यं. बायकोला ऐकू जाईल असं "प्रभू, हिला समज दे" कधी म्हणू नकोस. प्रार्थनेतून मारलेला टोमणा फार खोल जातो, कारण त्याला उलट उत्तर देता येत नाही.

तुझी होणारी बायको तुझ्याइतकी प्रार्थनेत रमत नाही, याची तुला काळजी वाटते असं तुझी आई म्हणाली. ओढू नकोस तिला. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं होतं. त्या १९०० मध्ये स्वतःच्या मनाने ख्रिस्ताकडे आल्या. मधली पाच वर्षं कुणालाच सोपी गेली नसतील. पण पुढचं त्यांचं घर बघ.

आणि क्षमा आपल्या आवाक्याबाहेरची वाटली तर देवास जिल्ह्यातल्या उदयनगरची वाट आठव. सिस्टर राणी मारिया तिथे गरिबांत काम करायच्या. १९९५ मध्ये इंदूरला येताना बसमध्येच त्यांचा खून झाला. त्यांच्या धाकट्या बहिणीने २००२ मध्ये तुरुंगात जाऊन खुन्याला राखी बांधली, आणि पुढे त्याच्या सुटकेसाठी राणी मारियांच्या घरच्यांनीच अर्ज केला. २०१७ मध्ये इथे इंदुरातच राणी मारियांना 'धन्य', म्हणजे संतपदाच्या आधीच्या पायरीवर, म्हणून घोषित केलं. त्या कॅथोलिक, आपण सीएनआयचे, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट मंडळीचे, पण ती राखी सगळ्यांचीच आहे. आमच्या दोघांत काही बिनसलं की आजही मला ती आठवते, आणि मी आधी बोलायला जाते.

लग्नाआधी एकदा तिला घेऊन घरी ये. सातनंतर या, म्हणजे आमच्याबरोबर प्रार्थनेलाही बसता येईल. ह्यांना आता कमी ऐकू येतं, म्हणून स्तोत्र मी मोठ्याने वाचते. त्या दिवशी तिने वाचलं तर ह्यांना आनंद होईल. तिला तिखट किती चालतं, तेवढं आधी कळव.

तुझी,
संडे स्कूलची बाई