एनएचएममध्ये (राष्ट्रीय आरोग्य अभियानात) कंत्राटी एएनएमची (सहाय्यक परिचारिकेची) जागा मिळते आहे. अशा नोकरीत मन लागतं का?

ताई, तुम्ही लिहिलंय की एएनएम झालात, जागा घराजवळ आहे आणि घरचे म्हणतात, कायम नोकरी लागेपर्यंत थांब. मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य उपकेंद्रावर कंत्राटी एएनएम आहे, बरीच वर्षं झाली. कामात मन लागतं, खूप लागतं. ते उडतं नेमणुकीच्या आदेशाची मुदत संपत आली की.

आदिवासी भागात साधारण 3,000 लोकांमागे एक उपकेंद्र असतं. त्यामुळे घर न् घर माहीत होतं. कोणाला कितवा महिना, कोणाच्या पोराचा डोस राहिला, कोण रोवण्याच्या दिवसांत गोळ्या सोडून देतं, सगळं तोंडपाठ. आमच्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार, भरपूर. शाळेत तपासणीला गेलं की बोटाचं थेंबभर रक्त द्रावणात टाकायचं आणि नळीमागे रेघा मारलेला कागद धरायचा. रेघा दिसल्या तर जीव भांड्यात पडतो. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या, तर नमुना पुढच्या तपासणीला जातो. अहवाल येईपर्यंत त्या पोरीची आई बाजारात, नळावर, भेटेल तिथे विचारते, "बाई, आलं का?" पोरगी वाहक निघाली, म्हणजे आजाराचा गुण नुसता अंगात असला, तर तिला सहसा त्रास नसतो. पण उद्या नवराही वाहक असला, तर दर बाळंतपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक. हे मी चुलीजवळ बसून समजावते. आधी लोक मान हलवायचे आणि विसरायचे. आता एखादा बाप सोयरीक ठरवण्याआधी पोरीचं सिकलसेल तपासणीचं कार्ड घेऊन माझ्याकडे येतो. त्या दिवशी मला दुसरं काही नको असतं.

आता दुसरी बाजू. लोकांना वाटतं आमची तक्रार फक्त पैशाची. पैसा कमी आहेच, आणि तो उशिरा आला की किराणा दुकानदारासमोर उभं राहणं जड जातं. पण त्याहून लागतं ते शेजारच्या खुर्चीमुळे. बऱ्याच उपकेंद्रांत दोन एएनएम असतात, एक जिल्हा परिषदेची कायम आणि एक कंत्राटी. लस त्याच डब्यातून नेतो, रजिस्टर तेच, रात्रीची अडलेली बाळंतीण दोघींचीच. माझ्यासोबतच्या ताई मला मोठ्या बहिणीसारख्या आहेत, त्यांच्याबद्दल मनात काही नाही. पण त्यांना वार्षिक वेतनवाढ, आजारपणाची रजा, म्हातारपणाची सोय. मला 11 महिन्यांचा आदेश, मग एक दिवसाचा खंड, मग पुन्हा आदेश. घर बांधायला कर्ज मागितलं तर बँकेत पहिला प्रश्न, "कायम आहात का?"

"तुमचं तर पुण्याचं काम" असं सांगून कमी पैशात राबवून घेणं मला मुळीच पटत नाही. गावाने दिलेला मान माझा आहे, तो पगाराच्या खात्यात धरू नये.

आशा अगदीच नाही असं नाही. 10 वर्षं सेवा झालेल्या एनएचएम कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घ्यायचा शासन निर्णय 14 मार्च 2024 ला निघाला. त्याच्या अंमलबजावणीसाठीच ऑगस्ट 2025 मध्ये राज्यभर संप करावा लागला. तेव्हा आज रुजू झालात आणि लगेच कायम व्हाल, हे मनात धरू नका.

तरी मी म्हणेन, जागा घ्या. घरी बसून हात विसरतो. फक्त रुजू होण्याआधी काही गोष्टी विचारून घ्या. मुख्यालयी, म्हणजे नेमणुकीच्या गावीच, राहायची अट असते, मग राहण्याजोगं क्वार्टर आहे का? भविष्य निर्वाह निधी कापला जातो का? पावसाळ्यात नाले भरले की कोणती गावं तुटतात? नेमणुकीचा आणि दर पुनर्नियुक्तीचा आदेश, हजेरीची नोंद, मानधनाच्या पावत्या, सगळ्याच्या प्रती स्वतःजवळ ठेवा. पुढे सेवा मोजायची वेळ आली की हेच कागद लागतात.

लग्न झालं असेल किंवा व्हायचं असेल तर हेही लक्षात असू द्या. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2023 मध्ये सांगितलंय की कराराची मुदत मध्येच संपली तरी प्रसूतीचे लाभ थांबवता येत नाहीत. गरोदरपणात कोणी "आदेश संपला" म्हणालं तर गप्प बसू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आणि जिल्हा परिषद भरतीचा अभ्यास सुरूच ठेवा. वयाची अट कोणासाठी थांबत नाही.