मोबाईल नेटवर्कच्या विजेवर पीएचडी: स्वीडनला येण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.टेक. झालंय, टेलिकॉममध्ये काही वर्षं नोकरीही झालीय, आता मोबाईल नेटवर्कची वीज कशी वाचवता येईल यावर स्वीडनमध्ये पीएचडी करायचीय. मग विद्यापीठ कोणतं धरावं आणि पगारात भागेल का? मी याच विषयात इथे पीएचडी केली आणि पुढे इथेच राहिलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पगाराचं आधी उरकतो. इथे पीएचडी करणारा बहुतेक वेळा विद्यापीठाचा नोकरदारच असतो. फी नाही, दरमहा पगार, त्यावर कर, आजारपणाची आणि बाळंतपणाची रजा. एकट्याचं नीट भागतं. एका पगारात कुटुंब चालवायचं तर ओढाताण होते. जागा निघाली की जाहिरात येते आणि नोकरीसारखाच अर्ज करायचा असतो. काम चार वर्षांचं, पण शिकवण्याची वगैरे जबाबदारी 20 टक्क्यांपर्यंत घेतली की ते पाचपर्यंत लांबतं. तुमचं एम.टेक. झालंय, त्यामुळे पात्रतेची काळजी नको. नुसत्या बी.ई.वर मात्र बहुधा तिथेच घोडं अडतं.

विद्यापीठांबद्दल: स्टॉकहोमचं केटीएच, गोथेनबर्गचं चाल्मर्स, लुंड, लिंशॉपिंग, सगळीकडे वायरलेसचं चांगलं काम चालतं. एरिक्सनचं मुख्यालय स्टॉकहोमच्या शिस्ता भागात असल्यामुळे उद्योगाशी संबंधही जवळचा. पण नावावर निवड करू नका. खरी निवड असते ती नेमकी कुठली वीज वाचवायची याची, आणि जाहिरातीतल्या ‘ग्रीन’ या शब्दावरून ते काहीच कळत नाही.

मोबाईल नेटवर्कची बहुतेक वीज खाते बेस स्टेशन, म्हणजे फोनशी रेडिओने बोलणारी टॉवरवरची यंत्रणा, आणि मोठ्या बेस स्टेशनमध्ये सर्वांत खादाड असतो पॉवर ॲम्प्लिफायर, म्हणजे सिग्नलची ताकद वाढवणारा भाग. युरोपात 2010 ते 2012 दरम्यान ‘अर्थ’ नावाचा प्रकल्प झाला. त्यात मांडलेलं गणित या क्षेत्रातल्या असंख्य पेपरांत वापरलं गेलंय. मोठ्या बेस स्टेशनच्या एका ट्रान्सीव्हरमधून (सिग्नल पाठवणाऱ्या-घेणाऱ्या संचातून) 20 वॅटचा सिग्नल बाहेर पडतो तेव्हा आत सुमारे 224 वॅट खर्च होतात. काहीच पाठवत नसताना 130, आणि झोपवलं, म्हणजे काही भाग तात्पुरते बंद केले, तरी 75. म्हणजे रात्री तीन वाजता कोणीही फोन वापरत नसला तरी निम्म्याहून जास्त वीज जातच राहते. या विषयाचं अर्धं दुखणं त्या 130 मध्ये आहे.

मग झोपवायचं कसं? फोरजीत बेस स्टेशनला दर मिलिसेकंदाला संदर्भ-सिग्नल (फोनला सिग्नलचा अंदाज घेता यावा म्हणूनचे ठरावीक सिग्नल) पाठवावेच लागतात, त्यामुळे झोप म्हणजे नुसती डुलकी. फाईव्हजीत हे कायमचे सिग्नल कमी केले; फोनला नेटवर्क सापडावं म्हणून लागणारा सिग्नल साधारण 20 मिलिसेकंदांनी येतो, आणि हे अंतर 160 पर्यंत ताणता येतं. मोबाईल नेटवर्कची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या संस्थेच्या रिलीज 18 या आवृत्तीत तर नेटवर्कची वीज वाचवणं हा स्वतंत्र विषयच घेतला गेला. पण झोप जितकी गाढ, तितका जागं व्हायला वेळ जास्त. तो वेळ कोणत्या ग्राहकाच्या माथी मारायचा, हा प्रश्न मला अजूनही सर्वांत रंजक वाटतो.

म्हणून मुलाखतीत उलट प्रश्न विचारा. तुमचं पॉवर मॉडेल, म्हणजे कशात किती वीज जाते याचं गणित, कुठून येतं? प्रत्यक्ष उपकरणावर मोजलेले आकडे मिळतील का, की दहा-पंधरा वर्षांपूर्वीचे आकडे सिम्युलेशनमध्ये घालून ‘40 टक्के बचत’ काढायची? बचत कशाच्या तुलनेत? तुलनेला मुळातच ढिसाळ नेटवर्क घेतलं तर कोणताही अल्गोरिदम शहाणा ठरतो. असे पेपर छापून येतात, त्यांवर पदवीही मिळते. पण पुढे नोकरीच्या मुलाखतीत समोर ऑपरेटरचा, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या कंपनीचा माणूस बसला की दोन प्रश्नांत उघडं पडायला होतं. तुम्ही टेलिकॉममध्ये काम केलंय, टॉवरच्या साईटवरचं वीजबिल नि जनरेटरचं डिझेल जवळून पाहिलं असेल, तर अर्जात ते ठळक लिहा. इथल्या अनेक अर्जदारांकडे तेच नसतं.

एक सावधगिरी. नेटवर्क कार्यक्षम झालं म्हणजे एकूण वीज कमी झाली असं नाही. दर बिटामागे (डेटाच्या एककामागे) खर्च घटतो, बिट वाढत राहतात. शिवाय स्मार्टफोनच्या एकूण उत्सर्जनाचा मोठा भाग तो बनवतानाच होऊन गेलेला असतो. त्यामुळे जुनी उपकरणं भंगारात काढून नवी बसवण्यात खरंच किती फायदा, हा प्रश्न टाळणारा गाईड मला तरी नको असता.

तुम्ही मारी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या, म्हणजे युरोपियन युनियनच्या निधीतून चालणाऱ्या पीएचडीच्या जागाही पाहताय असं लिहिलंय. चांगल्या असतात, दुसऱ्या देशातल्या कंपनीत किंवा प्रयोगशाळेत काही महिने जायलाही मिळतं. फक्त एक अट नीट वाचा: नेमणुकीआधीच्या 36 महिन्यांत ज्या देशात जागा आहे तिथे तुम्ही 12 महिन्यांहून जास्त राहिलेले वा काम केलेले नसावेत. ‘आधी स्वीडनमध्ये नोकरी धरतो, मग पीएचडी शोधतो’ हा तुमचा बेत इथे आडवा येऊ शकतो. मारी क्युरीची जागा हवी असेल तर स्वीडनला येण्याआधी, तिकडूनच अर्ज करा. केटीएच किंवा लुंडच्या साध्या जाहिरातींना ही अट नसते.