कुस्तीवाला की मुएथायवाला: वाशीच्या लढतीत कोण जिंकेल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. येत्या शनिवारी वाशीला एमएमएची (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र खेळाची) व्यावसायिक लढत आहे, पाच-पाच मिनिटांचे तीन राउंड, 65.8 किलोचा गट. एका बाजूला कोपरखैरण्याचा मुलगा, घर मूळचं साताऱ्याकडचं, तालमीत वाढलेला, सहापैकी सहा जिंकलेला. समोर ठाण्याचा मुएथायवाला, म्हणजे थायलंडच्या ठोसे-लाथा-गुडघ्यांच्या खेळातला, नऊ जिंकलेला, तीन हरलेला. तुमच्या ऐरोलीच्या सोसायटीत सगळ्यांचं एकच म्हणणं आहे, ‘पैलवानाने एकदा पट काढला (पाय धरून खाली पाडलं) की खेळ खल्लास’. खरंच तसं आहे का, असं तुम्ही विचारलंय. दोघांच्या जुन्या लढतींचे व्हिडिओ तुम्ही जोडलेत, ते मी नीट बसून पाहिले.

माझं मत आधीच सांगून टाकतो: मी मुएथायवाल्याच्या बाजूने आहे, साठ-चाळीस. एक तर तो तिसऱ्या राउंडमध्ये संपवेल, नाही तर जजांच्या निर्णयावर जिंकेल. मी ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका जिममध्ये कुस्तीतून आलेल्या पोरांना एमएमएसाठी तयार करतो आणि माझी स्वतःची सुरुवातही लाल मातीतलीच आहे. कुस्तीवर माझा जीव आहे, आणि म्हणूनच तिच्या सवयी केजमध्ये, म्हणजे एमएमएच्या जाळीच्या पिंजऱ्यात, कुठे घात करतात ते मला लांबूनही दिसतं. या दोन मुलांपैकी मी कुणालाच ओळखत नाही.

कोण जिंकेल हे ठरवण्याआधी लढत कुठे होईल ते ठरवा. उभ्याने, जाळीला चिकटून की जमिनीवर? आपल्याला हवी तिथे लढत नेणं आणि तिथेच ती टिकवून धरणं, ही दोन वेगवेगळी कौशल्यं आहेत. तुमच्या सोसायटीतले लोक पहिलंच बघतायत. पैलवान समोरच्याला खाली नेणार यात मलाही शंका नाही. त्याचा दुहेरी पट (दोन्ही पाय एकदम धरणं) सुरेख आहे, खांदा थेट मांडीत घुसतो आणि पाय मागून चालत राहतात. पण खाली नेल्यावर तो त्याला तिथे किती वेळ ठेवू शकतो, हे व्हिडिओत बघा.

कुस्तीवाला जिंकतोच हा समज काही हवेतून आलेला नाही. 1993 साली अमेरिकेत डेन्व्हरला यूएफसी या एमएमएच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेची पहिली आवृत्ती झाली. तिथे ब्राझिलियन जुजुत्सूवाल्या (जमिनीवरच्या पकडींच्या खेळातल्या) रॉईस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हरवलं, कारण खाली पडल्यावर काय करायचं हे बाकीच्या बहुतेकांना ठाऊकच नव्हतं. आणि रशियाचा यूएफसी फायटर हबीब नुरमागोमेदोव तर 29 लढती जिंकून, एकही न हरता 2020 मध्ये निवृत्त झाला. पण हबीबच्या लढती पुन्हा पाहिल्यात तर लक्षात येईल की त्याचा पहिला पट बऱ्याचदा अडवला जायचा. अडला की तो लगेच दुसरा धरायचा, तोही अडला की जाळीला दाबून एक पाय आपल्या पायांत अडकवायचा, मग मनगट धरायचं, आणि समोरचा उठायला गेला की पुन्हा खाली. त्याची खरी ताकद पकडीमागून पकड लावण्यात होती. तुमच्या पैलवानाकडे अजून पहिलीच पकड आहे. सहापैकी चार लढती त्याने पहिल्या राउंडमध्येच संपवल्यात, दुसऱ्या पकडीची वेळच आली नाही.

आता तालमीच्या सवयींकडे येतो, कारण माझ्या मते लढतीचा निकाल इथेच दडलाय. आपल्या मातीच्या कुस्तीत पाठ लागली की हार. म्हणून खाली गेलेला पैलवान पोटावर घट्ट पडून राहतो, कोपर अंगाला चिकटवतो, वरच्याला घिस्सा मारून उलटवू देत नाही. वर्षानुवर्षं घोटून ही सवय हाडात भिनलेली असते. एमएमएमध्ये हेच सगळ्यात धोक्याचं. पोटावर पडलात म्हणजे पाठ समोरच्याच्या हवाली केलीत. तो पाय पोटाभोवती अडकवतो, हात गळ्याखाली सरकवतो आणि रिअर नेकेड चोक, म्हणजे मागून गळा आवळण्याची पकड, लागते. आमच्या जिममध्ये नवीन आलेल्या पैलवानाला पाठीवर पडून लढायला सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो, अंगच तयार होत नाही. ही एक सवय मोडायला मला बाकी सगळ्यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरी सवय मानेची. कुस्तीत गळा आवळायला परवानगी नाही, त्यामुळे पट काढताना मान उघडी राहिली तरी बिघडत नाही. केजमध्ये तीच मान समोरच्याच्या काखेत सापडली की गिलोटिन, म्हणजे पुढून गळा आवळण्याची पकड. भारतातून यूएफसीत गेलेला पहिला फायटर भरत खंदारे 2017 मध्ये शांघायला सॉन्ग यादोंगकडून पहिल्याच राउंडमध्ये गिलोटिनने हरला होता. तुमच्या पैलवानाच्या दुसऱ्या लढतीचा व्हिडिओ पुन्हा लावा. पट काढताना त्याचं डोकं बाहेरच्या बाजूला आणि खाली आहे, नजर मॅटकडे. समोरच्या मुलाने गळा धरलाही होता, पण त्याला आवळता येत नव्हतं. मान वाचली ती समोरच्याच्या कच्चेपणामुळे.

वर बसलेला माणूस सुरक्षित असतो हाही समज सोडा. 2010 मध्ये यूएफसीत चेल सोनेनने अँडरसन सिल्वाला चार राउंड खाली दाबून बदडलं होतं, आणि पाचव्यात सिल्वाने खालूनच पायांचा त्रिकोण लावून त्याला हार मानायला लावली. मुएथायवाला मुलगा काही सिल्वा नाही, खालून चोक लावेल असं मी म्हणणार नाही. त्याला एवढंच जमायला हवं की खाली फार वेळ राहायचं नाही.

आणि ते त्याला जमतंय. त्याच्या तिन्ही हारी पहिल्या पाच लढतींतल्या आहेत आणि तिन्ही जमिनीवरच्या. शेवटच्या दोन लढतींत मात्र पूर्ण वेगळा माणूस दिसतो. खाली गेला की पाठीवर पडून वाट बघत नाही. कुशीवर होतो, सरकत सरकत जाळीपर्यंत जातो, पाठ जाळीला लावतो, एक हात जमिनीवर रोवतो, कंबर बाहेर काढतो आणि उभा राहतो. उठताना समोरच्याच्या काखेत हात घालून अंडरहुक घेतो. कुणीतरी त्याच्याकडून हे शेकडो वेळा करून घेतलंय, त्या कोचला मनापासून दाद द्यायला हवी. म्हणून तीन हारी आणि शून्य हारी हा हिशोब तुम्ही मांडताय तसा मांडू नका. ज्या गोष्टीमुळे तो हरला होता तीच त्याने दुरुस्त केलीय. तुमच्या पैलवानाची ती परीक्षा अजून झालेलीच नाही.

नुसते आकडे किती फसवतात याचं आपल्याकडचंच उदाहरण घ्या. आपला अंशुल जुबली 2023 च्या ऑक्टोबरमध्ये अबू धाबीला यूएफसीच्या लढतीत उतरला तेव्हा तो एकदाही हरलेला नव्हता. समोरचा माइक ब्रीडन यूएफसीत तोपर्यंत एकही लढत जिंकलेला नव्हता, वर वजनातही बसला नव्हता. तिसऱ्या राउंडमध्ये ब्रीडनने अंशुलला नॉकआउट केलं. त्या दिवशी मला फार वाईट वाटलं. पण ब्रीडनच्या हारी तगड्या लोकांसमोरच्या होत्या, हे कागदावरच्या शून्यात दिसत नव्हतं.

वजनाबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला तर सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. पैलवानाच्या आधीच्या सगळ्या लढती 70.3 किलोच्या गटात आहेत. 65.8 मध्ये तो पहिल्यांदाच उतरतोय. आधीच सुकं अंग असलेल्या मुलाने आणखी साडेचार किलो उतरवायचे म्हणजे शेवटच्या दोन दिवसांत पाणीच तोडावं लागणार. आदल्या दिवशी वजन होतं, मग चोवीस तासांच्या आसपास वेळ मिळतो, त्यात पाणी आणि मीठ पोटात गेलं तरी पायांत जोर पूर्ण परत येत नाही. मुएथायवाला उभ्या उभ्या थोडा दमला तरी लांबून लाथेवर वेळ काढू शकतो. पैलवानाला प्रत्येक वेळी दुसऱ्या माणसाचं वजन उचलायचंय. त्यात तो मॅटवर ज्या पद्धतीची कुस्ती खेळत आलाय तिथे तीन मिनिटांचे दोन भाग असतात. इथे पाच मिनिटांचे तीन. त्याची जी एकच लढत दुसऱ्या राउंडच्या शेवटापर्यंत गेली तिच्यात शेवटचं दीड मिनिट बघा: हात समोरच्याच्या कमरेला बांधलेले आहेत, पण उचलत नाहीये, तोंड उघडं, आणि डोळे घड्याळाकडे.

दम हा फक्त फायटरचा नसतो, जागेचाही असतो. 2015 मध्ये मेक्सिको सिटीत यूएफसीच्या लढतीत केन वेलास्केझ फाब्रिसिओ वेर्दुमकडून हरला. वेलास्केझ दमसासासाठी नावाजलेला, पण ते शहर समुद्रसपाटीपासून सव्वादोन हजार मीटरवर आहे, आणि वेर्दुम आधीच काही आठवडे उंचावर जाऊन राहिला होता. तिसऱ्या राउंडमध्ये थकलेला वेलास्केझ पट काढायला गेला आणि गिलोटिनमध्ये अडकला. वाशीला उंची नाही, पण दमट हवा आहे. हॉलचा एसी शेकडो माणसांत कितपत चालतो हे तुम्हा नवी मुंबईकरांना मी काय सांगणार. दहाव्या मिनिटाला दोघांची अंगं घामाने अशी निसरडी होतात की एकेरी पटात (एकच पाय धरलेला असताना) पाय हातात येऊनही सुटून जातो. पकडीवर जगणाऱ्याला हे जास्त महागात पडतं.

जजांचा भाग थोडक्यात. प्रत्येक राउंडला जिंकणाऱ्याला 10 आणि हरणाऱ्याला बहुधा 9. आधी बघतात ते ठोसे-लाथा आणि पकडी यांचा प्रत्यक्ष परिणाम किती झाला. नुसतं खाली नेऊन धरून बसण्याला पूर्वीइतकी किंमत राहिलेली नाही, आणि खाली नेलेला माणूस लगेच उठला तर त्या टेकडाउनचं मोल आणखी घटतं. तरी जजांवर कुणी छातीठोकपणे बोलू नये. 2024 मध्ये पूजा तोमर यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. त्या लढतीत एका जजने तिला 30-27 दिले आणि दुसऱ्याने तिच्या विरोधात 27-30. तीच लढत, तीच पंधरा मिनिटं. माझ्या साठ-चाळीसमधल्या चाळीसचा बराच भाग याच्यासाठी राखलाय.

तर मला लढत अशी दिसते. पहिला राउंड पैलवानाचा. तो लवकर पट काढेल, हॉल डोक्यावर घेतला जाईल, तुमच्या सोसायटीचा ग्रुप मेसेजेसनी भरून जाईल. दुसऱ्यात दोन टेकडाउन होतील, दोन्ही वेळा मुएथायवाला उठेल, आणि उठता उठता क्लिंचमध्ये (उभ्याने एकमेकांना धरलेलं असताना) गुडघे मारेल. हा राउंड कुणालाही जाऊ शकतो. तिसऱ्यात पैलवानाचा पट लांबून आणि हळू येईल, डोकं खाली, आणि तिथे वर येणारा गुडघा किंवा गळा, दोन्हीपैकी एक त्याला गाठेल. मुएथायवाल्याने एकच पथ्य पाळायचं: सुरुवातीला बरगडीवर लाथा मारायच्या नाहीत. त्या हातात सापडतात, आणि पैलवानाच्या हातात पाय देणं म्हणजे त्याला फुकटचा पट काढून देणं. मांडीवर खालच्या लाथा आणि सरळ जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा), बस.

मत बदलायला लावतील अशा दोनच गोष्टी आहेत. एक, लढत केजऐवजी दोऱ्यांच्या रिंगमध्ये असेल तर मला आधी कळवा. मग उठायला पाठीशी जाळी नसेल, त्याची शिकलेली अर्धी विद्या वाया जाईल आणि मी पन्नास-पन्नासवर येईन. दुसरं, शुक्रवारचं वजन. काट्यावर चढताना पैलवानाचे पाय बघा, ओठ बघा, उतरल्यावर तो किती मोकळेपणाने बोलतो ते ऐका. गाल आत गेलेले असणं चालतं, पण नजर स्थिर आणि पाऊल ठाम असेल तर त्याने वजन महिनाभर आधीपासून हळूहळू उतरवलंय असं समजायचं, आणि मग मी त्याला पंचावन्न-पंचेचाळीसने पुढे धरेन. काट्यावर टॉवेल लावून, कुणाचा तरी खांदा धरून चढला तर माझ्या साठाचे सत्तर करा.

सोसायटीत कुणी या लढतीवर ॲपमधून पैसे लावायचं म्हणत असेल तर त्याला थांबवा. 2025 च्या कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आहे, आणि साठ-चाळीस म्हणजे दहातले चार वेळा मी चुकणार.

शुक्रवारी वजनाचा फोटो किंवा व्हिडिओ मिळाला तर इथेच खाली टाका. रिंग की केज तेही लिहा. मी त्याच संध्याकाळी आकडा बदलून ठेवतो.