शास्त्रीय संगीत ऐकत वाढलो, जॅझ कुठून सुरू करू? तुमच्या आवडत्या रेकॉर्डी कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की जॅझ लावलं की 'सगळे एकाच वेळी आपापलं वाजवतायत' असं वाटतं आणि दहा मिनिटांत बंद करावंसं वाटतं. माझंही अगदी असंच व्हायचं. मी त्यात चाल शोधत बसायचे. पण तिथली चाल म्हणजे आपली बंदिश. आधी एकदा म्हणून घ्यायची, शेवटी एकदा. मधला सगळा वेळ त्याच आवर्तनावर एकेक जण उपज करत राहतो. आवर्तन हरवू नये म्हणून डबल बासकडे (उभं धरून वाजवायचं मोठं, खर्जातलं तंतुवाद्य) कान ठेवायचा, तबल्याच्या सोलोत लेहऱ्याकडे ठेवतो तसा.

म्हणून तुम्हाला पहिली ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९). सगळे हीच सांगतात, त्यामुळे मुद्दाम दुसरी सांगायचा मोह झाला होता. पण 'सो व्हॉट' या पहिल्या तुकड्याचे स्वर चक्क काफी थाटाचे आहेत! राग काफी नव्हे, फक्त स्वर. ३२ बारचं (एक बार म्हणजे चार मात्रा) आवर्तन: पहिले १६ बार तसेच, पुढचे ८ बार अख्खा षड्जच अर्ध्या स्वराने वर सरकतो, शेवटचे ८ परत मूळ जागी. ती सरकण्याची जागा कानाला एकदा सापडली की गर्दीत कुणीतरी ओळखीचं भेटल्यासारखं होतं. पेटी घेऊन स्वर जुळवून बघणार असाल तर १९९२ नंतरची आवृत्ती घ्या. रेकॉर्डिंगच्या पहिल्या दिवशी टेपचं मशीन किंचित हळू चालत होतं, म्हणून त्याआधीच्या तबकड्यांची पहिली बाजू जराशी चढी वाजते.

आता माझी खरी लाडकी रेकॉर्ड: ड्यूक एलिंग्टनचा बँड, अमेरिकेतला न्यूपोर्ट जॅझ महोत्सव, ७ जुलै १९५६. एलिंग्टनचे दिवस संपले असं लोक बोलायला लागले होते. रात्री उशिरा त्याने आपल्या १९३७ सालच्या दोन जुन्या रचना काढल्या आणि मधली जागा टेनर सॅक्सोफोनवाल्या पॉल गोन्साल्व्हिसला दिली. (नाव ऐकून गोंयकार वाटेल, मलाही वाटला होता. पण हा जन्माने मॅसॅच्युसेट्सचा, कुटुंब मूळचं आफ्रिकेजवळच्या केप व्हर्द बेटांवरचं.) या रचना ब्लूज नावाच्या साच्यातल्या. त्याचं आवर्तन १२ बारचं, म्हणजे ४८ मात्रांचं. या माणसाने अशी २७ आवर्तनं सलग वाजवली. फार अवघड काही वाजवत नाही तो, फक्त सोडत नाही. सातव्या-आठव्या आवर्तनानंतर मागून लोकांचा आवाज चढायला लागतो. काळ्या पोशाखातली एक बाई उठून नाचायला लागली आणि मग मैदान आवरेना. हे वाचून नव्हे, ऐकून कळतं. आपल्याकडे रंगलेल्या मैफलीत 'क्या बात है' हळूहळू दाट होत जातं ना, तसंच.

त्यातही गंमत अशी की गोन्साल्व्हिस भलत्याच माइकसमोर उभा होता. रेकॉर्ड कंपनीच्या माइकऐवजी त्याने व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओच्या माइकमध्ये वाजवलं, त्यामुळे मूळ तबकडीत तो लांबून आल्यासारखा वाटतो. पुढे रेडिओची टेप सापडली आणि दोन्ही जुळवून १९९९ साली नवी आवृत्ती निघाली. तीच घ्या. जुन्या तबकडीवर काही भाग नंतर स्टुडिओत वाजवून वर टाळ्या चिकटवलेल्या आहेत.

याच्या अगदी उलट वळणाची रेकॉर्ड म्हणजे पियानोवाल्या बिल एव्हान्सचं त्रिकूट (पियानो, बास, ड्रम), न्यूयॉर्कचा व्हिलेज व्हॅनगार्ड क्लब, रविवार २५ जून १९६१. दिवसभरात पाच बैठका, समोर मोजके लोक, मध्येच ग्लासांची किणकिण, कुणाचं तरी हसणं. सुरुवातीला मला त्या किणकिणीचा राग यायचा, आता तिच्याशिवाय ऐकवणार नाही. इथे बास साथ करत नाही, पियानोशी सवाल-जवाब करतो. वाजवणारा स्कॉट लाफारो अकरा दिवसांनी मोटार अपघातात गेला. वय २५.

बाकी थोडक्यात. लुई आर्मस्ट्राँगचं 'वेस्ट एंड ब्लूज' (१९२८) जेमतेम तीन मिनिटांचं, पण सुरुवातीचा एकट्या ट्रम्पेटचा आलाप दहा वेळा ऐका. पियानोवाल्या डेव्ह ब्रूबेकचं 'टेक फाइव्ह' हॉटेलांनी लावून लावून बोथट केलंय, तरी ते ३+२ असं पाच मात्रांचं आहे आणि झपतालाची सवय असलेल्याला तिथे अडखळायचं कारण नाही. हाच ब्रूबेक १९५८ च्या दौऱ्यात मुंबईत सतारिये अब्दुल हलीम जाफर खाँ यांच्याबरोबर वाजवून गेला होता. सॅक्सोफोनवाल्या जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' दोन-तीन महिन्यांनी लावा, एकट्याने आणि रात्री. त्याच्या १९६५ नंतरच्या रेकॉर्डींना मात्र इतक्यात हात लावू नका. त्या ऐकून मी वर्षभर जॅझकडे फिरकले नव्हते.

आणि बिल एव्हान्सच्या त्या व्हॅनगार्डच्या बैठकांच्या संपूर्ण संचात 'ऑल ऑफ यू' ही एकच चाल तीनदा आहे, एकाच दिवशी वाजवलेलं. तिन्ही ओळीने ऐका आणि कुठलं आवडलं ते इथेच लिहा. माझं मत दुसऱ्याला.