एल्डन रिंग: पहिलं शस्त्र कोणतं?

अरे, एल्डन रिंग या व्हिडिओ गेममधली 300 च्या वर शस्त्रं बघून गांगरू नकोस. ज्याचा वार हाताला बसतो ते एकच धर आणि तेच वाढव. मी पहिल्या खेपेला सहा तलवारी थोड्या थोड्या वाढवून सगळे स्मिदिंग स्टोन (शस्त्र वाढवायला लागणारे दगड) उडवले होते!

- स्केलिंगची अक्षरं बघ, म्हणजे तुझ्या कोणत्या गुणाने शस्त्राचा मार किती वाढतो ते. एस सगळ्यात वर, ई तळाला. ई असलेल्या गुणात पॉइंट ओतू नकोस.
- दोन्ही हातांनी धरलं की स्ट्रेंग्थ दीडपट मोजली जाते. 'पेलत नाही' म्हणून आवडलेली जड तलवार लगेच टाकू नकोस.
- अंगावरच्या सामानाचं एकूण वजन पेलायच्या मर्यादेच्या 70 टक्क्यांच्या खाली ठेव, नाहीतर वार चुकवायची लोळण जड होते आणि मार खातोस.

सुरुवातीला सामुराई हा वर्ग निवडलास तर मिळणारी उचिगाताना तलवार झकास आहे. ॲश ऑफ वॉरचं (शस्त्राला खास डाव देणाऱ्या वस्तूंचं) नंतर बोलू, आधी मार्गिट या सुरुवातीच्या बॉसला पाड.