मामाला जीपमध्ये घातलं, त्या दिवसापासून तिला वकील व्हायचंय

विट्याच्या एका ताईंचं पत्र आलंय. मुलगी बारावी आर्ट्सची परीक्षा देऊन मोकळी झालीय. तीन वर्षांपूर्वी ताईंच्या धाकट्या भावाला चौघांनी धरून जीपमध्ये घातलं आणि एका खाजगी मनोरुग्णालयात नेलं. चार दिवस तो जेवला नव्हता, दोनदा विहिरीच्या काठावरून परत आणला होता. दाखल करण्याच्या अर्जावर सही ताईंची. नववीतली पोर दारात उभी राहून बघत होती. आता ती म्हणते, ‘वकील होणार आणि असल्या सक्तीविरुद्ध लढणार.’ ताई विचारतात, “मॅडम, ही माझ्याच विरुद्ध वकीलपत्र घेणार की काय? सायकॉलॉजीला घालू का तिला?”

ताई, घालू नका. सायकॉलॉजी वाईट म्हणून नव्हे. तिला मन कसं बिघडतं यापेक्षा माणसाला विचारलं का जात नाही, हा प्रश्न पडलाय. तो कायद्याचाच प्रश्न आहे.

आधी तुमच्या सहीबद्दल. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चा, लागू झाला २०१८ पासून. त्याच्या कलम ८९ मध्ये रुग्ण स्वतः निर्णय घेण्याच्या अवस्थेत नसेल, तर त्याच्या प्रतिनिधीच्या अर्जावरून त्याला दाखल करता येतं. दोघांनी त्याला वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मनोविकारतज्ज्ञ. स्वतःला इजा, दुसऱ्याला इजा किंवा स्वतःची काळजीच घेता न येणं, यापैकी काही दिसायला हवं. मुदत जास्तीत जास्त ३० दिवस. विहिरीच्या काठावरून आणलेला भाऊ यात बसत नाही असं कोण म्हणेल? तुम्ही गुन्हा केलेला नाही.

पण आता लेकीच्या बाजूने एक प्रश्न विचारते. त्याच कायद्याच्या कलम २७ प्रमाणे रुग्णाला मोफत वकील मिळतो, आणि हे त्याला सांगणं रुग्णालयाच्या प्रमुखाचं काम आहे. अशा तक्रारी ऐकणारं जे पुनर्विलोकन मंडळ या कायद्यात आहे, त्याच्याकडे तो स्वतः तक्रार करू शकतो. त्याला फी नाही, आणि असं दाखल करण्याविरुद्धचा अर्ज मंडळाने ७ दिवसांत निकाली काढायचा असतो. तुमच्या भावाला हे कोणी सांगितलं होतं? तुम्हाला तरी? पोरीचा राग नेमका इथे आहे, तिला अजून तो शब्दांत मांडता येत नसेल एवढंच.

आता वकिलांचं. माझे यजमान साताऱ्याच्या कोर्टात तीस वर्षं दिवाणी काम करतात, त्यामुळे बाररूममधल्या चहाच्या गप्पा मी घरबसल्या ऐकते. या विषयावर बहुतेक वकिलांचं मत कोणाचे कागद हातात आले त्यावर ठरतं. नवऱ्याचे कागद आले, की बायकोच्या औषधांच्या चिठ्ठ्या घटस्फोटाचा पुरावा होतात. बायकोचे आले, की तेच रुग्णालय म्हणजे छळछावणी. जमिनीच्या वाटणीत तर भावाला ‘वेडा’ ठरवायची घाई विचारू नका. म्हणून पूर्वी उपचार झाले एवढ्यावरून कोणाला मनोरुग्ण धरता येणार नाही, असं या कायद्यात मुद्दाम लिहावं लागलं.

दुसरी तऱ्हा भल्या वकिलांची, आणि मला तीच जास्त अवघड वाटते. ‘डॉक्टर म्हणतात, घरचे म्हणतात, त्याच्या भल्याचंच आहे, मग मी कशाला आडवा येऊ?’ मनाने चांगला माणूस, पण त्या खोलीत रुग्णाच्या बाजूने बोलायला उरतो कोण? डॉक्टर आहेत, तुम्ही आहात. वकीलही हित बघायला लागला तर तो तिसरा पालक झाला. ‘मला घरी जायचंय’ असं पक्षकार म्हणत असेल तर ते नीट मांडायचं, दोन तपासण्या खरंच वेगवेगळ्या झाल्या का हे विचारायचं, आणि निर्णय मंडळावर सोडायचा. स्वतःला मनातून वाटत असलं की याला आणखी पंधरा दिवस ठेवायला हवं, तरीही. हे जमेल का, हे लेकीला विचारा. नुसता सक्तीचा राग असेल तर पहिल्याच आत्महत्येच्या केसला ती मोडून पडेल.

तिला एरवाडीबद्दल वाचायला सांगा. ऑगस्ट २००१, तमिळनाडू, साखळदंडात बांधलेली मनोरुग्ण माणसं आगीत जागच्या जागी गेली. अशा सक्तीबद्दल वकिलांना संशय कुठून येतो ते त्यातून कळेल. आणि मामा त्या चार दिवसांत कसा होता, हे तुम्ही तिला सांगा. ते बहुधा तिला कोणी सांगितलेलं नाही.

वाट सरळ आहे. बारावीनंतर पाच वर्षांच्या एलएलबीसाठी लॉ सीईटी द्यायची, पुढे सनद आणि बार कौन्सिलची परीक्षा. पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाची जी संस्था, तिचंच मानसिक आरोग्य कायद्याचं केंद्र आहे. तिथे गेली तर उत्तम, पण साताऱ्याचं इस्माईलसाहेब मुल्ला लॉ कॉलेजही काही परकं नाही. आता कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच झालंय, तेव्हा मंडळाच्या निर्णयावरचं अपील घेऊन मुंबई गाठायला नको. पैशाचं खरं सांगते, एवढ्याच कामावर घर चालणार नाही. सुरुवातीची वर्षं सिनियरच्या हाताखाली वाटण्या आणि पोटगीच्या केसेसच कराव्या लागतील, सोबत जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं काम. तयारी ठेवा.

एक काम मात्र सीईटीच्या आधी करता येईल. भाऊ सध्या बरा आहे असं लिहिलंय. पुढे कधी तशी वेळ आली तर आपल्या वतीने कोणी बोलायचं, हे तो आज साध्या कागदावर लिहून सही करून ठरवू शकतो. ती व्यक्ती सज्ञान हवी, ही जबाबदारी पेलण्याइतकी सक्षम हवी आणि तिची लेखी संमती हवी, बस. लेक अठराची झाली की तिघं एकदा बसा. त्याने तुमच्याऐवजी तिचं नाव लिहिलं तर लगेच उठून स्वयंपाकघरात जाऊ नका.